मावशींचा दगड

वेधशाळेत त्यांना सगळे मावशी म्हणत, आणि मावशी मावशी करता करता त्यांचं नाव कुठल्याही कागदावर यायचं राहून गेलं. एकतीस वर्षं त्या तळघरात, खालून दिवा लावलेल्या टेबलापाशी बसल्या. वरच्या दुर्बिणीने काचेवर टिपलेले आकाशाचे फोटो खाली यायचे आणि मावशी भिंगातून त्यातले ठिपके तपासायच्या.

एकदा दोन दिवसांच्या काचा शेजारी ठेवल्या, तर सगळे तारे जागच्या जागी आणि एक ठिपका मात्र सरकलेला. मावशींनी काचेच्या मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या शाईने वर्तुळ काढलं, तारीख घातली, सही ठोकली. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात फिरणारा, तोवर कुणी न पाहिलेला खडकाळ लघुग्रह होता तो. घरी वहिनी म्हणाली, "तांदळातला खडा दिसत नाही, आभाळातला बरा सापडला!" मावशी आठवडाभर हवेत होत्या.

अहवाल मात्र गेला मोठ्या साहेबांच्या सहीने. ज्यांनी जन्मात त्या भिंगाला डोळा लावला नव्हता, त्या साहेबांच्या! तळघरात ठिपके मोजणाऱ्या बायकांनी सही करायची पद्धतच नव्हती म्हणे. डोळ्यांच्या खाचा करायच्या यांनी आणि शोध लावायचा त्यांनी, ही कुठली पद्धत? मावशींनी तेव्हा भांडण काढलं नाही. काचेवर लिहिलंय, कधीतरी कुणीतरी वाचेल, असं त्यांना वाटे.

निवृत्तीनंतर त्यांना परत बोलावलं ते काचा पुसायला. जुने फोटो संगणकात उतरवायचे होते आणि शाईच्या खुणा आड येत होत्या. शेकडो काचा पुसून झाल्यावर मावशींच्या हातात त्यांची स्वतःची काच आली. आणि त्याच सकाळी सूचनाफलकावर लागलं होतं, की त्या लघुग्रहाला मोठ्या साहेबांचं नाव देणार. मावशींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. काच, तिचं पाकीट आणि हातातला स्पिरिटचा बोळा तसाच घेऊन त्या तडक नव्या संचालकांच्या खोलीत शिरल्या आणि सगळं टेबलावर ठेवलं.

"सर, ही एक काच शाईसकट उतरवून घ्या. हा शोध माझा आहे, तारीख बघा."

"मावशी, एका दगडासाठी केवढा त्रागा! अहवालावर ज्याची सही, त्याचा शोध. नियमच आहे तसा."

"मग मी नाही पुसणार."

"आणा इकडे. मी पुसतो."

संचालकांनी स्पिरिटचा बोळा उचलला आणि काचेवर टेकवणार, तोच मावशींनी त्यांचं मनगट धरलं.

"अहो, ती फोटोची बाजू! सगळे तारे खरवडून निघतील. वेधशाळा चालवता आणि काचेची उलटसुलट कळत नाही?"

खरं म्हणजे घासू द्यायला हवं होतं. पण एकतीस वर्षं काच जपलेला हात, तो आधी पुढे झाला. मावशींनी काच उलटी केली.

"शाई इथे आहे. पुसा आता, माझ्यादेखत पुसा."

त्यांना वाटलं, माणूस ओशाळेल. माणसाने दोनदा बोळा फिरवला, आणि वर्तुळ, तारीख, सही सगळं गेलं.

मावशींनी काच पाकिटात घातली. प्रत्येक पाकिटावर कुणी पुसलं ते लिहायचा एक रकाना असतो. तिथे त्यांनी संचालकांचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट, आणि पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं.

"करा सही," मावशी म्हणाल्या. "हे काम तरी तुमचं तुम्ही केलंय."