भिंतीवरचा नवरा

आमच्या मालिकेत मेलेली माणसं परत आली, धडधाकट माणसं जिन्यावरून पडून स्मृती हरवून बसली, एका सुनेचा तर आठवड्याभरात चेहराच बदलला. पण एकोणीस वर्षांत कुणाचं कानातलं चुकलं नाही. ते वहीबाईंमुळे. कुठल्या दृश्यात कुणाच्या हातात कोणता कप होता, कुणाचं वरचं बटण उघडं होतं, हे वहीत टिपून ठेवायचं त्यांचं काम. त्यांच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही. मी कॅमेरामन, मीही नाही.

आमचं भांडण एका फोटोवरून. दिवाणखान्याच्या सेटवर, सोफ्याच्या मागे, मालिकेतल्या विधवा सासूबाईंच्या नवऱ्याचा फोटो टांगलेला होता. त्याच्या काचेवर दिव्याची तिरीप यायची.

"बाई, वीतभर सरकवा तो."

"लोक विचारतील."

"लोकांना काय पडलीय?"

"कप बदलला तर पन्नास पत्रं येतात, कॅमेरावाले."

अकराव्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता त्या आपणहून म्हणाल्या, "तो माझा नवरा आहे." मालिका सुरू व्हायच्या तीन वर्षं आधी तो नोकरी शोधायला म्हणून गेला, तो गेलाच. पहिल्या दिवशी भिंतीवरचा फोटो आला नव्हता, तेव्हा यांनी घरातला त्याचा एकुलता एक फोटो चौकटीसकट आणून दिला. "कुणीतरी ओळखेल, कळवेल. नाहीतर तोच बघेल."

जिवंत नवऱ्याला मेलेल्याच्या जागी टांगायचं आणि त्याची वाट बघायची! मला राग आला. त्याचा आला, थोडा त्यांचाही आला. पण त्या दिवसापासून फोटो नीट दिसेल असाच कॅमेरा लावला. तिरीप गेली खड्ड्यात.

प्रेक्षकांची पत्रं वाचायचं कामही त्यांनी मागून घेतलं होतं. संध्याकाळी पिशवी भरून न्यायच्या. घरी एक खोली, एक खुर्ची, आणि बोलायला कुणी नाही. सकाळी मी विचारायचो, "काय आलं?"

"सुनेच्या केसांबद्दल," त्या म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी उत्तर न देता पत्रच हातात ठेवलं. दहावीतल्या मुलीचं गोल गोल अक्षर होतं. 'आमच्याकडे सगळे तुमची मालिका बघतात. फक्त बाबा बघायचे नाहीत. शीर्षकगीत वाजलं की चपला घालून बाहेर जायचे, संपल्यावरच यायचे. मागच्या महिन्यात ते वारले. परवा भिंतीवरच्या फोटोकडे नीट बघितलं, तर अगदी बाबाच. त्यांचा तरुणपणीचा एकही फोटो आमच्याकडे नाही. याची प्रत मिळेल का?'

वहीबाई म्हणाल्या, "म्हणजे पोचलं होतं हो त्याला. पहिल्याच वर्षी पोचलं असेल." मग पत्र माझ्या हातातून परत घेत, "पोरगी हुशार दिसते, नाही?"

त्या स्टुलावर चढल्या आणि फोटो उतरवला. मी स्टूल धरून उभा होतो. त्यांनी काच पदराने पुसली, फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला. सोबतची चिठ्ठी मला दाखवली: 'बाळा, हा फोटो जुन्या सामानाच्या दुकानातून आणला होता. कुणाचा, ठाऊक नाही. तुझ्या बाबांसारखा दिसतो, तर तूच ठेव.'

भिंतीवर फिकट चौकोन उरला. सेटवरच्या माणसाने विचारलं, "दुसरा लावू?"

"नको," त्या म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं: भिंत रिकामी.

एकोणीस वर्षांतली ती पहिली चूक, तीही जाणूनबुजून केलेली. मी ती लपवली नाही. सासूबाईंच्या प्रत्येक दृश्यात तो चौकोन नीट दिसेल असा कॅमेरा लावला. काचेची तिरीप नव्हती, तरी मला तिकडे बघवत नव्हतं.

महिनाभर त्या पिशव्या भरून पत्रं नेत राहिल्या. रोज सकाळी मी विचारायचो, "काय आलं?"

"सुनेच्या केसांबद्दल."

फोटो कुठे गेला, असं एकानेही विचारलं नाही.