झडतीत न आलेली अर्धी गोष्ट

ही गोष्ट सांगायची वेळ आली की मला नेमकं काहीतरी काम आठवतं. कधी विहिरीवरची मोटर बघायची असते, कधी नातवाची सायकल दुरुस्त करायची असते. आता मोटर मुलगा बघतो आणि नातू मोटारसायकलवर फिरतो, त्यामुळे सबबी संपल्या.

देवळीजवळच्या आमच्या गावात एक हवालदार काका होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर ते सैन्यातून परतले. ‘हवालदार’ ही पदवी त्यांना सरकारनं नव्हे, गावानं दिली होती, आणि त्यांनी ती नाकारली नाही. बायको वारलेली, एक मुलगी हिंगणघाटला दिलेली, थोडी शेती, एक बैलजोडी. त्यांच्याजवळ मोठं असं एकच होतं, त्यांच्या साहेबाची गोष्ट. दर पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा तेच फडकवायचे आणि मग ती गोष्ट सांगायचे. त्या मानासाठी ते वर्षभर जगत. आठवडाभर आधीपासून मिशीला तेल लागायचं.

गोष्ट अशी. सीमेवरची त्यांची चौकी दुश्मनानं घेरली. भोंग्यावरून आवाज आला, हत्यारं टाका, बाहेर या, जेवायला घालू. तेव्हा साहेब खंदकातून उठून उभे राहिले आणि ओरडले, “जेवण आमचं तयार आहे. तुम्हीच या, पण ताटं आपापली आणा.” आपल्या खंदकांतून हशा उठला. काका म्हणायचे, “एकदा हासू आलं का मानसाले हात वर कराची लाज वाटते.” कुमक येईपर्यंत चौकी पडली नाही.

दुश्मन मात्र दरवर्षी वाढायचा. आम्ही पोरं पानठेल्यावर त्यांना छेडायचो.

“काका, औंदा रणगाडे किती आनले?”

“तू होता का तिथं?”

“नाई.”

“मंग चूप बस. तू राह्यला असता तर दुश्मनाच्याच ताटात जेवला असता.”

एका हिवाळ्यात गाव कापूस वेचायला गेलं होतं आणि मी काम चुकवून फाट्यावर बसलो होतो. एक जीप थांबली. पांढऱ्या मिशांचे, जरासे लंगडणारे एक गृहस्थ उतरले आणि काकांचं नाव घेऊन विचारू लागले, आमचा लांगरी कुठे राहतो? लांगरी म्हणजे पलटणीतला स्वयंपाकी. माझे कान टवकारले. रस्ता दाखवायच्या निमित्तानं मी जीपमध्येच चढलो.

हेच ते साहेब. काकांनी त्यांना गोळाभात करून वाढला. जेवता जेवता साहेब हिंदीतून मला म्हणाले, खरं सांगू का, मी त्या दिवशी हात वर करायच्या बेतात होतो. हा चुलीजवळून म्हणाला, साहेब, त्यांनाच जेवायला बोलवा, फक्त ताटं आपापली आणा म्हणावं. मी ते नुसतं मोठ्यानं म्हटलं.

काकांचा चेहरा पडला. “साह्यब, राहू द्या ना.”

जीप गेल्यावर त्यांनी माझा दंड धरला. “यातलं काईच गावात बोलू नको बापू. साह्यबाची इज्जत जाईन.”

“पन बोल तं तुमचेच होते ना काका?”

“चुलीपाशी बसून बोलनं सोपं असते. उभं राहून त्यायनं म्हनलं. गोळी त्यायलेच लागली असती.”

मी आईची शपथ घेतली, आणि पोळ्यापर्यंत ती पाळलीही.

आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या होतात. गावातल्या कुणाचीही टोपी उडवणाऱ्या चार-सहा ओळी मोठ्यानं म्हणायच्या. ज्याच्यावर झडती पडेल त्यानं रागवायचं नाही, झडतीनंच उत्तर द्यायचं. त्या वर्षी मी बैलजोड्यांच्या मधोमध उभा राहिलो आणि म्हटलं:

“सांगतो गड्या हवालदाराचं, सांगतो अगदी खरं,
बंदुकीपेक्षा हातामंदी लाटणं होतं बरं.
दुश्मन आला अंगावर तं म्हने, थांबा जरा,
पोळी माही करपून राह्यली, लढाई उद्या करा.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!”

अख्खा पोळा हसला. कुणीतरी माझ्यावर गुलाल टाकला. काका बैलांचे कासरे धरून उभे होते आणि लोक त्यांच्याभोवती गोळा झाले.

“बोला हवालदार, फेडा झडती.”

“खरंच सैपाकी होता का तुमी?”

काकांना झडती येत नव्हती. जवानी सगळी पलटणीत गेलेली. ते शांतपणे म्हणाले, “हो, लांगरी होतो. पन पोळी कवा करपू देल्ली नाई.”

“मंग ते साह्यबाची गोष्ट?”

“ते खरी हाय.”

“कोनं पाह्यलं?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबाच्या तोंडून ते ऐकलेला गावात मी एकटाच होतो. “ते बोल माहे होते,” एवढं म्हणाले असते तर त्यांची बाजू निदान मांडली गेली असती. ते म्हणाले नाहीत. साहेबाला त्यांनी शेवटपर्यंत उभंच ठेवलं. आणि मी? माझी झडती गाजली होती. सगळ्यांबरोबर मीही हसलो. लांगरीची, हसू येणारी अर्धी गोष्ट मी शपथ मोडून सांगितली आणि त्यांची लाज राखणारी अर्धी पोटात ठेवली. नेमकं उलटं करायला हवं होतं.

पुढच्या पंधरा ऑगस्टला शाळेनं झेंड्याला दुसऱ्याला बोलावलं. काका कुंपणाबाहेर उभे राहून सलाम करून गेले. गोष्ट पुन्हा कुणी विचारली नाही, आणि त्यांनीही सांगितली नाही.

काही वर्षांनी ते कायमचे मुलीकडे निघाले. त्यांची ट्रंक मी फाट्यापर्यंत नेली आणि एस.टी.च्या टपावर चढवली. खाली उतरून खिडकीशी गेलो. रात्रभर वाक्य घोकलं होतं.

“काका, मले एक बोलाचं होतं.”

“झडतीचं ना?” ते म्हणाले. “दुसऱ्या ओळीत जरासा अडखळला होता तू. बाकी बरी होती.”

मिशीत हसले की नुसती मिशी हलली, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली. मी गाडीबरोबर चार पावलं चाललो. पुढच्याच वर्षी ते गेल्याचं कळलं. साहेबही आता नसतील. म्हणून त्या खिडकीशी घोकून नेलेलं वाक्य इथे लिहितो : काका, ते बोल तुमचेच होते, म्या माह्या कानानं ऐकले होते, आन् पोळ्यात सगळ्यायसमोर मले ते सांगाले पाह्यजे होतं. माफ करा.