दार लावून तालीम

“बुवा दार लावून शिकवतात तर काय झालं? घराण्याच्या चिजा आहेत त्या. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या?” दत्तूशेठ पाटावरून उठले नव्हते, पण ताट त्यांनी पुढे सारलं होतं.

“मी येणारीजाणारी नव्हे. तिची आई आहे,” तानूबाई म्हणाली.

“तुला चीज कळते?”

“नाही कळत. मग मला आत बसवून घ्यायला हरकत कसली होती?”

दत्तूशेठांनी आपल्या आईकडे, तानूबाईच्या सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई भिंतीला टेकून सुपारी कातरत होत्या. “माझ्याकडे काय बघतोस? गाण्याचं वेड तुझं,” एवढंच म्हणून त्यांनी अडकित्ता पुन्हा चालू केला.

भांडण सकाळी सुरू झालं होतं, दुकान उघडायला जाताना थांबलं होतं आणि जेवणाला पुन्हा पानावर येऊन बसलं होतं. रविवारी त्यांच्या मुलीला, इंदुमतीला, गंडा बांधायचा होता. तिला गाणं शिकवणाऱ्या गुरुराजबुवांनी तिच्या मनगटाला दोरा बांधला, गूळ-हरभरे तोंडात घातले, की ती जन्मभर त्यांची शिष्या. मग दुसऱ्या कुणाकडे शिकायचं नाही, आणि दुसरं कुणी शिकवणारही नाही. संगीत मंडळाची माणसं त्यासाठी माडीवर जमणार होती. त्याच बैठकीत बुवांना मंडळाच्या मुलींच्या वर्गाचे मुख्य म्हणून नेमायचं ठरलं होतं. आणि इंदुमती म्हणत होती, मी गंड्याला बसणार नाही.

तानूबाई निपाणीहून लग्न होऊन हुबळीला आली तेव्हा तिला एवढंच ठाऊक होतं की सासरचं तांब्यापितळेचं दुकान आहे. नवऱ्याला गाण्याचं वेड आहे, हे पहिल्याच महिन्यात कळलं. मंडळाच्या बैठका त्यांच्याच माडीवर होत. गवई वर गात, आणि तानूबाई खाली चहाची पातेली चढवत असे. तिच्या वाट्याला गाणं आलं ते जिन्यातून खाली उतरून. तरी इतक्या वर्षांत कान तयार झाले होते. रागाचं नाव सांगता आलं नाही तरी हे मागच्या दिवाळीला म्हटलं होतं, एवढं तिला नेमकं ओळखू येई.

तिला पहिली शंका आली ती इंदूच्या जेवणावरून. तालमीच्या दिवशी पोरगी सकाळपासून काही खाईना. पोटात दुखतं म्हणे. परत आली की तडक न्हाणीघरात जाई आणि हाक मारल्याशिवाय बाहेर येत नसे. तानूबाईनं आधी ओवा दिला, मग दृष्ट काढली. एकदा सोबत बुवांच्या घरी गेली तर त्यांनी हसून तिला पडवीत बसवलं. “वहिनी, घराण्याची विद्या आहे, माफ करा.” दार लागलं. थोड्या वेळानं आतला तंबोरा थांबला. तो पुन्हा सुरू होईपर्यंत तानूबाई उठून दाराशी जाऊन उभी राहिली होती. आणि का, ते तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

काल दुपारी नवरा दुकानात असताना तिनं इंदूला समोर बसवलं.

“संक्रांतीपासून काय शिकलीस ते म्हण.”

इंदूनं तंबोरा लावला आणि एक चीज म्हटली.

“ही तू दसऱ्याला म्हटली होतीस.”

इंदूनं दुसरी धरली. तीही जुनीच. मग तिनं तंबोऱ्यावर गवसणी चढवली.

“नवं काही नाही, आई.”

“मग दार कशाला लावतात?”

इंदूनं भिंतीकडे तोंड केलं आणि भिंतीलाच सांगितलं. दार लागलं की बुवा अंगाला हात लावतात, हे चार-पाच वाक्यांतच बोलली.  तानूबाईनं लुगड्याच्या पदरानं पोरीचे हात पुसले, लहानपणी पुसायची तसे.

मग घोड्याचा जटका करून ती जवळच्या उणकलला गेली. तिथल्या लक्ष्मीबाईंची कृष्णा आधी बुवांकडेच शिकत होती, आणि मध्येच सोडून गेली होती. मुलीचा गळा बसला, असं मंडळात सगळे म्हणत.

लक्ष्मीबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, “तानक्का, मला वाटलंच होतं, कोणीतरी येईल म्हणून. पण फार उशिरा आलात.”

कृष्णा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “गळा बसला नव्हता, काकू. अप्पा म्हणाले, लग्न व्हायचंय, तोंड मिटून घरी बस. तुमच्या माडीवर बुवांना हार घातला ना, तेव्हा मी बायकांत बसले होते. तुम्ही मला दोनदा चहा विचारलात.”

“रविवारी येऊन एवढंच सांगशील?” तानूबाईनं विचारलं.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. कृष्णाचं लग्न वैशाखात होतं. “बघते,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. येते म्हणाल्या नाहीत.

हे सगळं तानूबाईनं आता नवऱ्याला सांगितलं.  दत्तूशेठांचा आवाज खाली आला होता.

“मी बुवांच्या पायांवर डोकं ठेवलंय,” ते म्हणाले. मग घाईघाईनं, “हे बघ, बोभाटा नको. इंदू आजारी आहे असं कळवतो. गंडा रद्द. गाणं बंद. मिटलं.”

“आणि वर्गात येणाऱ्या पोरी?”

“त्यांचे आईबाप बघतील.”

“आपण कुठे बघितलं?”

“अगं, बुवांचं काय जातंय? लोक नाव घेतील ते इंदूचं. उद्या तिला कोण करून घेईल?”

हे खोटं नव्हतं. काल जटक्यात सगळ्या वाटेनं तानूबाईला हेच भेडसावत होतं. शेजारच्या बायका काय म्हणतील, कानडीत काय म्हणतील, मराठीत काय म्हणतील, सगळं तिला आत्ताच ऐकू येत होतं. गाणं बंद करून पोरीला घरात ठेवावं, असं तिच्याही मनात आलं होतं. 

स्वयंपाकघराच्या दारात इंदू केव्हाची उभी होती. “अण्णा, मी काय केलंय?” ती म्हणाली. “माझं गाणं का बंद?”

 सासूबाईंचा अडकित्ता थांबला.

तानूबाई उठली. 

“रविवारी बैठक होईल,” ती म्हणाली. “मंडळ येईल, बुवाही येतील. गंडा बांधायचा नाही. मी खाली थांबणार नाही, माडीवर बसणार आहे, आणि बुवांच्या देखत सगळ्यांना सांगणार आहे. कृष्णा आली तर तीही सांगेल, नाही आली तर मी एकटी. मुलीच्या तालमीत तिच्या घरचं माणूस आत बसेल, असं मंडळानं तिथंच ठरवायचं. ठरवणार नसतील तर त्यांनी बैठकीला दुसरी माडी बघावी. इंदू शिकेल, दुसऱ्याकडे.”

मग ती दत्तूशेठांचं ताट उचलून मोरीकडे गेली.