मापाच्या वरचं

मी निघाले तो नारायणगावचा बाजाराचा दिवस होता. विमानतळाला नेणारी गाडी हायवेला येऊन थांबली होती. प्रशांत, म्हणजे माझा नवरा, डिकीत बॅगा कोंबत होता आणि मी आईचा निरोप घ्यायला बाजारात शिरले. ती तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. पुढ्यात वांगी, मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या आणि रडून डोळे लाल. मला बघून उठणार, तेवढ्यात एका बाईनं पिशवी पुढं केली, "अर्धा किलो वांगी दे गं." आईनं पदरानं नाक पुसलं, तागडी उचलली, वांगी जोखली. दोन्ही पारडी बरोबर आली. मग सवयीनं तिनं मूठभर मिरच्या उचलून त्या पिशवीत वर टाकल्या. पोटची पोर साता समुद्रापार चालली होती, तरी वरचं द्यायला ती विसरली नाही. मला त्या बाईचा असा राग आला म्हणता!

मग आई उठली, माझ्या गालांवरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली आणि म्हणाली, "बिऱ्हाड नीट लाव, वैशे. घर हितं हायेच." तिच्या हातांना कोथिंबिरीचा वास होता. गाडीत बसल्यावर तो माझ्या गालाला बराच वेळ येत राहिला.

येडगावच्या, म्हणजे आमच्या गावच्या, माझ्या माणसांना 'वरचं' काय ते सांगायला नको. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि ज्यांची पोरं आता प्लास्टिकच्या पाकिटातली भाजी खाऊन वाढतायत, त्यांच्यासाठी सांगते. वजन पुरं झालं की विकणारी जे आणखी टाकते ते वरचं. चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी, आल्याचा तुकडा. "मापानं दिली ती इक्री, वर दिली ती वळख," असं आई म्हणायची. त्यात तिचा एक खाक्या होता. एखादीनं "वर घाल की गं थोडं" म्हणून मागितलं, तर आई दोनच मिरच्या मोजून द्यायची. न मागणारीला मूठ मिळायची. लहानपणी मला हा शुद्ध आडमुठेपणा वाटे.

इंग्लंडात लीड्सला आलो तेव्हा पहिलं बिऱ्हाड एका खोलीचं होतं, ते बिऱ्हाडच होतं. पण नंतर आम्ही मागं जरा अंगण असलेलं घर घेतलं, हप्ते सुरू झाले, भिंतीला मनासारखा रंग दिला, आणि तरी आईचा फोन यायचा, "काय गं, बिऱ्हाडी समदं बरं हाय ना?" ओतूरला माझं सासर. सणासुदीला आम्ही तिथं चार दिवस टेकायचो, तर ते तिच्या तोंडी "तुझं घर". आणि जिथं मी रोज दिवा लावते ते बिऱ्हाड! प्रशांत म्हणायचा, शब्दच आहे, सोडून दे. मला सोडवेना. आईनं एकदा माझ्या घराला घर म्हणावं, एवढंच मला हवं होतं. आणि ते तिच्याकडून मागून घ्यायची लाज वाटत होती.

गेल्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा इकडं आली. आली ती मागच्या अंगणाकडं बघून हळहळली, "एवढी जागा अन् नुसतं गवात?" दुसऱ्याच दिवशी माझ्या मसाल्याच्या डब्यातले धणे तिनं फरशीवर पसरून चपलेखाली रगडले आणि गवत उकरून पेरले. मी म्हटलं, "आई, इथल्या थंडीत नाही यायचं ते." "तू आलीस न्हवं?" ती म्हणाली. कोथिंबीर तरारून आली. मग आई कुठंही निघाली की तिच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक जुडी असायचीच. शेजारची गोरी म्हातारी, बसचा ड्रायव्हर, कुणालाही जुडी. भाषेची अडचण तिला कधी वाटलीच नाही. ती आपली मराठीत बोलायची आणि लोक आपलं हसून इंग्रजीत उत्तर द्यायचे.

तिच्या परतीच्या आधी मी तिला त्या रेस्टॉरंटात नेलं, जिथं मी आल्या आल्या दोन वर्षं वेट्रेसचं काम केलं होतं. अॅना अजून तिथंच आहे. ती पोर्तुगालची, माझ्या आधीपासून तिथं काम करणारी. ट्रे कसा धरायचा ते मला तिनंच शिकवलं. तिथं जेवणाच्या बिलातच सर्व्हिस चार्ज लावून येतो. एखादं गिऱ्हाईक कुरकुरतं, एखादं काढायला लावतं, पण बहुतेक लोक मुकाट भरतात. तो पैसा आम्हां सगळ्यांत वाटला जायचा, आत भांडी घासणाऱ्यासकट.

जेवण झालं, बिल आलं. आईनं विचारलं, "काय लिवलंय?" मी बोट ठेवून दाखवलं, "हे आपण खाल्लेलं. आणि हे वरचं, ते हॉटेलवालेच लावतात."

आईचा चेहरा उजळला. "हितंबी वर देत्यात? लई चांगली मानसं हायेत गं!" आणि ती नीट सावरून बसली. अॅना कार्डाचं मशीन घेऊन उभी. आई तिच्याकडं कौतुकानं बघतेय. थोड्या वेळानं मला हळूच म्हणाली, "आणीना की मग. कुठंय वरचं?"

मला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसून झाल्यावर मी सांगितलं, "अगं, ते देत नाहीत. वरचं आपण द्यायचं असतं."

"घेनाऱ्यानं?"

"हो."

"अन् किती द्यायचं त्येबी त्यांनीच मापायचं?" आईनं बिल उचलून डोळ्यांजवळ नेलं, जसं काही आकडे वास घेऊन कळणार होते. "मापून घेतलं तर त्ये वरचं कसलं, वैशे?"

आता मात्र मला राग आला. दोन वर्षं ज्यावर काढली त्याला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाही, मग ती आई का असेना. मी म्हटलं, "आई, मी इथं ताटं उचलत होते तेव्हा याच पैशात आपलं भागलं. ते बिलात होतं म्हणून मला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागलं नाही. लाचारीनं हसावं लागलं नाही." मी वेट्रेस होते हे आईला ठाऊक होतं. पण लाचारी हा शब्द तिच्यापुढं मी पहिल्यांदाच उच्चारला.

आईनं बिल खाली ठेवलं आणि हातानं सारखं केलं. "मग त्येला वरचं म्हनू नगं," ती म्हणाली. "ती मजुरी हाय. मजुरी गुमान द्यावी. दे."

मी कार्ड लावलं. तोवर आईनं पिशवीतून ओलं फडकं काढून उलगडलं आणि कोथिंबिरीची जुडी अॅनाच्या हातात ठेवली. "माज्या पोरीला काम शिकीवलंस. हे घे. हे वरचं." अॅनाला शब्द एक कळला नसेल. तिनं जुडी नाकाला लावली आणि डोळे मिटले. तिच्या गावाकडं म्हणे सुपात, भातात, माशात, सगळ्यात हीच. ती आत गेली आणि येताना बशीत दोन गोड पाव घेऊन आली. बिल तर केव्हाच भरून झालं होतं. आईनं माझ्याकडं असं बघितलं, की आता बोल!

आई परत गेली. विमानतळावर मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले, पण ती म्हणाली ते एवढंच, "कोतमिरीला पानी घालत जा." मी मनातल्या मनात खट्टू झाले.

नंतर एकदा मी सुट्टीच्या सकाळी व्हिडिओ फोन लावला तो नेमका बाजारात लागला. तिनं मोबाइल टोपलीला टेकवून ठेवला होता. मला तागडीऐवजी आणलेला नवा इलेक्ट्रॉनिक काटा दिसत होता, आकडे लाल. "थांब गं, गिऱ्हाईक हाय," आई म्हणाली आणि वांगी जोखू लागली. एका बाईचा आवाज आला, "इतके दिस दिसली नाय मावशे, कुठं गेल्ती?"

"पोरीच्या घरी," आई म्हणाली. काट्यावर आकडा पुरा झाला होता. तिनं मिरच्यांची मूठ उचलली आणि पिशवीत टाकली. "लई झ्याक घर हाय तिचं. मागं कोतमीर केलीया."

तिला वाटलं मी ऐकत नाही. मी लीड्समध्ये, माझ्या स्वयंपाकघरात, हातातला चहा तसाच धरून उभी होते. बरं झालं, मागितलं नाही. मागितलं असतं, तर मोजून मिळालं असतं.