आमच्या मजल्यावरची आकडी

आमच्या कुत्र्याला पहिली आकडी आली तेव्हा मी ओट्याशी मांदेली साफ करत होते. तो नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दारात बसला होता, माशांची डोकी कधी मिळतात याची वाट बघत. मागे धप्पकन काहीतरी पडलं. वळून पाहिलं तर तो आडवा. मान मागे ताणलेली, पाय लाकडासारखे कडक, आणि मग तेच पाय पळायला लागले. जागच्या जागी. तोंडाला फेस. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते.

मी किंचाळले. बाबा बाहेरच्या खोलीतून आले ते हातात चप्पल घेऊनच. भोईवाड्याच्या आमच्या जुन्या चाळीत कुणाला फेफरं आलं की नाकाला चप्पल लावायचे, कांदा फोडून हुंगवायचे. "झिला, काय झाला रे तुका?" म्हणत ते त्याच्यापाशी वाकले. मला वाटलं जीभ चावली जाईल. मी त्याच्या तोंडात बोटं घातली आणि त्याचा दात खोल रुतला. घरात आलं तेव्हापासून ज्या पिल्लाने मला कधी दात दाखवला नव्हता, त्याचा.

शांत झाल्यावर तो उठला, भिंतीला धडकला, बाबांच्या पायावरच मुतला. आम्ही कोण हे त्याला कळत नव्हतं.

परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी मलाच इंजेक्शन घ्यायला पाठवलं. मग म्हणाल्या, "तोंडाजवळ हात न्यायचा नाही. चप्पल नाही, कांदा नाही, पाणी नाही. टेबल-खुर्च्या सरकवा, दिवे बंद करा आणि गप्प बसा."

"नुसतं बसायचं?" बाबांनी विचारलं.

"नुसतं. पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ आलं, तर मात्र थांबू नका, उचला आणि आणा. आणि गोळी एकही चुकवायची नाही."

कशामुळे झालं, हे त्या सांगू शकल्या नाहीत. कधीकधी कारण सापडतच नाही म्हणाल्या. तेच मला खात राहिलं. मासे? उकाडा? लालबागकडून येणारे ढोल? मी एकेक गोष्ट बंद करत गेले. मासे बंद, मिक्सर बंद, टीव्ही मुका. पलंगाच्या कोपऱ्यांना जुन्या चादरी बांधल्या. आंघोळीला गेले की दार लोटून ठेवायचे, कडी नाही. ऑफिसला सांगून घरूनच काम सुरू केलं, पण मीटिंगमध्ये कान दुसरीकडेच. फरशीवर नखं वाजली की मी अर्धी उठलेली असायचे. नाही वाजली तरी उठायचे.

बाबा एकदा वैतागले. "अगो, तो निजलोहा. तू कित्याक त्याच्या नाकाकडे हात धरतंस?"

त्यालाही माझं काहीतरी कळत असावं. मी जवळ गेले की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

मग एका संध्याकाळी त्याला खाली नेताना लिफ्टपाशी आकडी आली. चाळ पाडून टॉवर झाल्यापासून आमच्या मजल्यावरची दारं बंदच असतात, पण त्याचं डोकं फरशीवर आपटलं तशी ती उघडली. समोरच्या काकू सगळ्यात पुढे. चाळीतही त्या आमच्या शेजारीच होत्या, माझ्या आईच्या मैत्रीण.

"पिसाळलाय! पोरांना आत घ्या!" त्या ओरडल्या.

"पिसाळलेला नाही, काकू. आकडी आहे. फेफरं."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी माझी ओढणी त्याच्या डोक्याखाली सरकवली आणि गप्प बसले. आतून मात्र पेटले होते. त्या दिवसापासून मी काकूंशी बोलणं सोडलं.

पुढच्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. दारात काकू. बाबा झोपलेत ना, हे आधी विचारलं, मग खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

"त्या दिवशी तू त्याला चप्पल लावली नाहीस."

"उपयोग नसतो काकू."

"मग काय करायचं असतं?"

मी सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "आणि माणसाला?"

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. त्यांची मुलगी. मी अंगाखांद्यावर खेळवलेली, आता नोकरी करणारी. शाळेत असल्यापासून तिला आकडी येते. गोळ्या चालू होत्या, गावच्या देवाला कौलही लावून झाला होता, आणि एवढ्या वर्षांत आमच्या मजल्यावर कुणालाही पत्ता नव्हता. "तिचं लग्न व्हायचंय गं," काकू म्हणाल्या. "तू कुत्र्याचं कसं बोलून मोकळी झालीस, सगळ्यांसमोर."

मी त्यांना म्हटलं, मला कुत्र्याचंच कळतं, माणसाचं डॉक्टरांना विचारा. पण चप्पल नको, तोंडात काही नको, एवढं दोघांनाही सारखंच असावं. त्यांनी मान हलवली.

त्यानंतर मुलगी स्वतःच येऊ लागली. एका रविवारी सकाळी ती असतानाच त्याला आकडी आली. ती घाबरली नाही. दिवा बंद केला, स्टूल बाजूला घेतलं. झटके थांबून तो धडपडत उठायला लागला तशी मी नेहमीसारखी पुढे सरकले, त्याला हाका मारत.

"ताई, हाका नका मारू," ती म्हणाली. "आत्ता त्याला काही लागत नाहीये. आणि सगळे असे बघत नका बसू. भानावर येताना आधी तेच दिसतं. वर वाकलेले चेहरे. मला तर त्या चेहऱ्यांचीच भीती वाटते, आईच्यासुद्धा."

बाबांनी चटकन मान वळवली. मी मागे सरले.

आकड्या अजून येतात, पूर्वीपेक्षा जास्त दिवसांनी. मी अजून कान देऊन असते; ते काही सुटलेलं नाही. काकूंकडे स्थळं येतात. मुलीने आईला बजावलंय, आधी सांगायचं, मग पोहे. दोन ठिकाणी सांगितलं, दोन्हीकडून फोन आला नाही. काकू रडल्या. मुलगी ऑफिसला गेली.

आकडीच्या त्या रविवारी, तिने सांगितल्यावर, ती, बाबा आणि मी तिघंही खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. तो मागे भिंतीला घासत, थांबत, खोलीभर फिरत होता. वळून बघायची मला इतकी घाई झाली होती की मी खिडकीचा गज घट्ट धरून ठेवला होता.