सिस्टरबाईंची चिठ्ठी

सत्कर्म गुप्तपणे करावे असे आमच्या काशीत पुष्कळांना वाटते आणि थोड्यांना ते साधते. परंतु ते गुप्त ठेवण्यात वर्षानुवर्षे, मनःपूर्वक प्रयत्न करूनही, सपशेल अपयशी ठरलेली व्यक्ती मी माझ्या दीर्घ आयुष्यात एकच पाहिली. छावणीकडच्या कॅथलिक मठातल्या त्या एक वृद्ध धर्मभगिनी होत्या. मूळच्या वसईकडच्या, त्यामुळे मराठी त्यांची मातृभाषा. मठात ती बोलायला दुसरे कोणी नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस त्या आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत येऊन ती मनसोक्त बोलून घेत. निमित्त दुहेरी होते. ब्रह्माघाटापासून दूधविनायकापर्यंतच्या वृद्ध, निराधार बायकांच्या जखमा त्या धुऊन बांधीत, आणि ते काम आटोपले की आमच्या ओसरीवर बसून माझ्यापाशी संस्कृत शिकत. आमच्या घरात सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणत. मी त्यांचा शास्त्रीबुवा आणि माझी पत्नी वहिनी.

मैदागिनला रिक्षा सोडून त्या गल्लीत शिरल्या की त्यांच्या येण्याची वर्दी त्यांच्या आवाजानेच आम्हाला मिळे. माणसांशी त्या हिंदी बोलत, पण गल्लीत आडव्या बसलेल्या सांडांशी मात्र शुद्ध मराठीत. "ऊठ रे बाबा, मला उशीर होतोय. तुला नसेल काम, मला आहे!" असे त्या बजावीत, आणि आश्चर्य असे की सांड उठे. बाराही महिने हातात छत्री. चष्म्याच्या काड्यांना काळा गोफ बांधून तो गळ्यात अडकवलेला. पट्ट्या बांधताना त्या मोठ्याने शब्दरूपे म्हणत. एक विभक्ती म्हणजे पट्टीचा एक वेढा, असा त्यांचा हिशेब होता. "बोटाला एकवचन पुरते, घोट्याला द्विवचन लागते," असे त्या मला गंभीरपणे सांगत, "आणि तुमच्या सोनूकाकूंच्या गुडघ्याला बहुवचनाशिवाय गत्यंतर नाही." सोनूकाकूंना व्याकरणाशी कर्तव्य नव्हते, पण 'रामेषु' कानावर पडले की त्या समाधानाने पाय खाली सोडीत.

चर्चमधली लॅटिन उपासना मागे पडून देशी भाषांना वाट मिळाली, ती ही वर्षे. सिस्टरबाईंनी लॅटिनसाठी मनातल्या मनात सुतक पाळले, आणि मग एके दिवशी येऊन म्हणाल्या, "जुनी भाषा काढून घेतलीत, तर मला तिच्याहून जुनी द्या." त्यांचे उच्चार माझ्या दोन्ही मुलांपेक्षा स्वच्छ झाले, हे मी मुलांना ऐकवीत असे, त्यामुळे मुलांचे त्यांच्याशी फारसे जमले नाही.

परंतु त्यांचा स्वभाव पूर्णांशाने प्रकट होई तो मार्गशीर्षाच्या सुमारास, त्यांच्या आगमनकाळात. नाताळापूर्वीचे हे चार आठवडे ख्रिस्ती मंडळी प्रतीक्षेत घालवतात. वेदीवर जांभळे वस्त्र येते. हिरव्या पानांच्या वलयात चार मेणबत्त्या उभ्या राहतात आणि दर रविवारी एक अधिक पेटते. गव्हाणी मांडतात, पण ती रिकामी. सिस्टरबाई या काळात साखर सोडीत. माझ्या पत्नीने दिलेले तिळाचे लाडू झग्याच्या खोल खिशात जात आणि नाताळला बाहेर निघत, तेव्हा ते फोडायला बत्ता लागे. एकदा मी म्हणालो की हे मला आमच्या चातुर्मासासारखे वाटते. त्यावर त्या उत्तरल्या, "तुमचा देव चार महिने निजतो, आमचा चार आठवड्यांनी यायचा असतो. उपास दोन्हीकडे बायकांनाच, शास्त्रीबुवा!" आतून माझ्या पत्नीचे हसणे ऐकू आले, आणि मी पाठ पुढे सुरू केला.

याच काळातला त्यांच्या मठाचा एक आचार मला फार आवडे. पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मठाच्या प्रमुख, ज्यांना सगळ्या मदर म्हणत, अकरा भगिनींच्या नावांच्या चिठ्ठ्या एका पितळी वाटीत घालीत. प्रत्येकीने एक उचलायची. जिचे नाव येईल तिची 'देवदूत' होऊन चार आठवडे तिच्यासाठी प्रार्थना करायची, तिची सेवा करायची. पण कोण करते आहे हे तिला कळता कामा नये. नाताळच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी नावे उघड व्हायची. स्वतःचेच नाव आले तर चिठ्ठी परत टाकून दुसरी घ्यायची, एवढाच काय तो नियम.

सिस्टरबाईंचे देवदूतपण दुसऱ्या दिवसापलीकडे कधी लपले नाही. एका वर्षी त्यांनी एका तरुण भगिनीच्या उशीखाली पेरू ठेवला, आणि तो तिला सापडतो की नाही हे पाहण्यासाठी दारात उभ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी एकीचे मोजे रफू केले. टाका असा जाड की घालणारी लंगडू लागली, आणि दोरा लाल, जो सबंध मठात केवळ यांच्याच डब्यात होता. "पण मी नाव कुठे लिहिले होते?" असा त्यांचा बचाव असे.

ज्या वर्षाविषयी मी लिहितो आहे, त्या वर्षी पहिल्या रविवारनंतरच्या सोमवारी त्या ओसरीवर येऊन बसल्या आणि घडी केलेला एक कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

"शास्त्रीबुवा, एवढे वाचून दाखवा. माझा चष्मा मठात राहिला."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी कागद उघडला. त्यावर त्यांचेच नाव होते. मी ते वाचून दाखवले आणि प्रथमच त्यांच्या डोळ्यांकडे नीट पाहिले. त्या औषधाची प्रत्येक बाटली उघडून आधी हुंगत, पायऱ्या पुटपुटत मोजीत, पाठ कानांनी घेत आणि पुस्तकाकडे पाहत नसत. हे सारे आम्ही इतके दिवस त्यांच्या लहरीपणात जमा केले होते.

"केव्हापासून?" मी विचारले.

"आषाढी एकादशीपासून. आधी कडा गेल्या, आता मधलेही धूसर झाले आहे." मग घाईघाईने, "वाटीतून चिठ्ठी काढली तेव्हा सगळ्या बघत होत्या. वाचल्यासारखे केले आणि खिशात घातली. आता परत कशी टाकू? का टाकते ते सांगावे लागेल!"

ते सांगितले तर पुढे काय होणार हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या संघात थकलेल्या भगिनींना दक्षिणेतल्या मातृगृही पाठवीत. तिथे बाग होती, डॉक्टर होते, विश्रांती होती, आणि यांपैकी एकही गोष्ट सिस्टरबाईंना नको होती. "तिथे साऱ्या म्हाताऱ्या ओळीने बसून प्रभूची वाट पाहतात," त्या म्हणाल्या. "मला काम करता करता पाहायची आहे. त्याला यायचेच असेल तर तो दुर्गाघाटावर येईल. पत्ता काही अवघड नाही."

चिठ्ठी आली ती देवाच्या इच्छेने आली, अशी मनाची समजूत घालून त्यांनी ती पाळायचे ठरवले, आणि इथून त्यांच्या हालांना प्रारंभ झाला. इतरांची सेवा त्यांना श्वासासारखी सहज होती. स्वतःची कशी करतात हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. एके दिवशी जेवताना त्यांनी न करपलेली पोळी स्वतःकडे घेतली, ती त्यांच्या घशाखाली उतरेना. पाव तास उन्हात बसल्या आणि शनिवारी फादरांपाशी त्याचे पापनिवेदन करून आल्या. स्वतःसाठी प्रार्थना आरंभिली की तिसऱ्या वाक्याला ती सोनूकाकूंच्या गुडघ्याकडे वळे. मठात मात्र निराळीच खळबळ होती. एकदा पोहोचवायला आलेली तरुण मल्याळी भगिनी मला एका बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "पंडितजी, इस बार बड़ी सिस्टर किसकी देवदूत हैं, पता ही नहीं चल रहा. किसी को कुछ नहीं मिला, न अमरूद, न मोज़े. उनकी तबीयत तो ठीक है न?" मी सिस्टरबाईंना दिलेल्या वचनाने बांधलेला होतो. ईश्वराची कृपा आहे, एवढेच उत्तर दिले.

तिसरा रविवार झाला. त्या दिवशी गुलाबी मेणबत्ती लावतात आणि आनंद करतात, असे त्यांनीच मला पूर्वी सांगितले होते. सोमवारी त्या पट्ट्या बांधायला जाण्याआधीच आमच्याकडे आल्या, त्या रागावलेल्या.

"तुमच्या शास्त्रात काही असेल तर सांगा. मला ही बाई झेपत नाही."

मी म्हणालो, "शास्त्र राहू द्या. ज्या बाईचे नाव तुम्हाला आले, तिला सर्वांत अधिक गरज कशाची आहे?"

"डोळे दाखवण्याची," त्या ताडकन म्हणाल्या. "मूर्ख आहे ती! सगळ्यांपासून लपवते."

"मग तुम्ही मदरना सांगा."

"वा! देवदूताने सेवा करायची की चहाडी?"

इतक्यात माझी पत्नी पदराला हात पुसत दारात आली. "सिस्टरबाई, एक विचारू? चिठ्ठीत दुसऱ्या कोणाचे नाव असते, तर काय केले असते?"

"तर पहिल्याच दिवशी मदरकडे गेले असते, वहिनी! आंधळी बाई ती, तिच्या हाती औषधाच्या बाटल्या. एखाद्या दिवशी नाक चोंदले, तर सोनूकाकूंच्या जखमेवर काय ओतेल याचा काही..."

त्यांनी पिशवी जवळ ओढली, तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि पाठ न घेताच उठल्या. त्या दिवशी त्यांनी कोणाचीही पट्टी बदलली नाही. ज्यांची त्या दिवशी पाळी होती त्या तिन्ही घरी मीच निरोप सांगून आलो.

त्याच संध्याकाळी त्यांनी मदरना सर्व सांगितले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली दृष्टी परत येण्यासारखी नव्हती, उरलेली काही काळ सांभाळता येण्यासारखी होती. मातृगृहाला पत्र गेले.

नाताळच्या आदल्या दिवशी चहाला मला मठाचे आमंत्रण होते, कारण सिस्टरबाईंनी माझ्याकडे शिकून इतरांना शिकवलेले एक संस्कृत स्तोत्र भगिनी म्हणणार होत्या. ते झाल्यावर नावे उघड होऊ लागली. सिस्टरबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःचे नाव घेतले. आधी हशा पिकला. मग ज्यांना उमगले त्यांनी एकेक करून हातातले कप खाली ठेवले. मदर सौम्यपणे म्हणाल्या, "सिस्टर, पहली बार आपका भेद छिपा रहा."

"छिपा तो रहा," त्या म्हणाल्या, "लेकिन औरत बड़ी कठिन मिली थी."

जानेवारीत त्यांना निघायचे होते. गाडी दुपारची होती, म्हणून सकाळीच त्या गल्लीत येऊन गेल्या. मल्याळी भगिनीला त्यांनी घरोघरी नेले, कोणती जखम कशी हे सांगितले आणि पिशवी तिच्या खांद्याला दिली. परत जाताना ती मुलगी पुढे गेली होती, आणि सिस्टरबाई आमच्या दारासमोरच्या पायऱ्यांपाशी थांबल्या होत्या. मी सोवळ्यात होतो, पूजेला बसण्याच्या बेतात. इतक्या वर्षांत त्यांनी आमचे सोवळे आमच्यापेक्षा अधिक कटाक्षाने पाळले होते. मी कद नेसलेला असलो की त्या आपण होऊन चार हात दूर उभ्या राहत. त्या दिवशी त्यांना ते दिसले नाही. "कोण, शास्त्रीबुवा का?" त्या म्हणाल्या, "जरा हात द्या पाहू."

मी हात दिला. शेवटच्या पायरीपर्यंत त्यांनी तो घट्ट धरला होता.

मी परत आलो तेव्हा पत्नीने सारे पाहिले होते. पुन्हा स्नानाला पाणी काढू का, असे तिने विचारले. मी नको म्हणालो आणि तसाच देवापुढे बसलो. संकल्पाचे शब्द, जे मी आठव्या वर्षापासून रोज म्हणत आलो आहे, ते त्या सकाळी मला आठवून आठवून म्हणावे लागले.