पश्चिमेची भिंत

जुन्या इमारतींत वीज कुठे वाया जाते ते शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सुचवलेली कामं मी तीन गटांत टाकते: नुसत्या सवयी बदलून होणारी, दुरुस्तीत बसणारी आणि मोठ्या खर्चाची. गट चुकला की काम मेलंच समजा. कमिटीतली माणसं अहवाल वाचत नाहीत, काम कुठल्या गटात आहे तेवढं बघतात.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. नवऱ्याला अर्धांगवायू झाला तेव्हापासून तो पलंगावर, आणि डोक्यावर तापलेला स्लॅब. एप्रिल लागला की संध्याकाळीसुद्धा भिंतीला हात लावायची सोय नाही. त्याच्या पाठीवर घामोळं उठे, मग त्याच्या जखमा होत. कूलर नुसती वाफ फेकायचा.

म्हणून मी सोसायटीचा अहवाल फुकटात करून दिला. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा लेप द्यावा, असं दुरुस्तीच्या गटात लिहिलं. दुसऱ्या मजल्यावर, तापल्या स्लॅबपासून लांब राहणाऱ्या सेक्रेटरींनी लाल पेन काढलं आणि त्यावर काट मारली.

"अहो वहिनी, पांढरा काय नि पिवळा काय, रंग तो रंग. हे रंगकामात जाईल."

रंगकामाची पाळी पाच वर्षांनी होती. "तोवर साहेबांना वारा घाला की!" असंही म्हणाले, आणि मीटिंग खो खो हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी मी डूख धरला.

दोन उन्हाळे मी ओल्या फडक्याने नवऱ्याची पाठ पुसली आणि दर पुसण्याला त्या माणसाला एक शिवी दिली. नवरा म्हणायचा, "अगं, शिव्या कमी दे, तुलाच उकडेल." जखमेला फडकं लागलं की मात्र तो डोळे घट्ट मिटून घ्यायचा.

मग कमिटीची मुदत संपली. सेक्रेटरीपद कुणालाच नको असतं, मी हात वर केला. पहिल्याच मीटिंगला लेप दुरुस्तीत घेतला, आणि आठवड्याभरात गच्ची पांढरी झाली. त्या उन्हाळ्यात नवऱ्याची पाठ पहिल्यांदा कोरडी राहिली. दुपारचा तो चक्क घोरायला लागला.

पुढच्या मार्चमध्ये माजी सेक्रेटरी अर्ज घेऊन आमच्या दारात आले. हृदयाचं ऑपरेशन झालेलं, चेहरा उतरलेला. त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेची, दुपारभर तापायची, आणि डॉक्टरांनी उकाड्यात राहू नका म्हणून बजावलेलं. भिंतीला बाहेरून उष्णता अडवणारा थर हवा होता. काम दुरुस्तीचंच होतं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार?

"थरावर शेवटी रंगच लागणार ना?" मी म्हटलं. "मग रंगकाम."

 त्यांनी अर्जाची घडी घातली आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली गेले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? इतकं बरं वाटलं की घरात येऊन मी शिरा केला, बेदाणे घालून. नवऱ्याला भरवता भरवता सगळं रंगवून सांगितलं. म्हटलं, करावं तसं भरावं! त्याने तोंडापुढचा चमचा बाजूला सारला.

"त्यांना म्हणावं, दुपारी इकडे झोपायला या," तो म्हणाला. "आपली खोली आता गार असते."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्याने विचारलं.

"नको म्हणाले," मी म्हटलं.

"मानी माणूस," तो हळहळला. पुढे कितीतरी दिवस, दुपारी जिन्यात पाऊल वाजलं की तो मला दार उघडायला सांगायचा.